मधले नेमाडे

दिवाळीच्या आधी आमच्या भागातल्या मंगल कार्यालयात पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. एका बाजूला पैठण्यांचा सेल, दुसऱ्या बाजूला पुस्तकं, मध्ये पडदा. पैठण्यांकडे गर्दी, इकडे आम्ही मोजकी माणसं. माझ्या पुढे विशीतला एक मुलगा उभा होता, पाठीवर सॅक, कानात एकच इअरफोन. त्याने भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ घेतली, थोडं थांबून ‘हिंदू’ही घेतली आणि विक्रेत्याला विचारलं, यांचं अजून काय आहे? विक्रेता बिल करता करता म्हणाला, “आहेत ना चार अजून. पण ते मधले. मधले नेमाडे कुणी नेत नाही. हे दोन वाचलेत की झालं.” मुलाने मान हलवली, स्कॅन करून पैसे दिले आणि गेला. विक्रेत्याच्या बोलण्यात कसलीही कुचेष्टा नव्हती. बाजारात कोथिंबिरीची कुठली जुडी घ्यावी हे सांगावं तितक्या सहज तो बोलला होता, आणि धंद्याच्या हिशेबाने त्याचं बरोबरही असणार. पण रिक्षात बसल्यावर, घरी आल्यावर, भाजी फोडणीला टाकतानासुद्धा ते दोन शब्द डोक्यातून हलेनात. मधले नेमाडे. चार कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाची ती वर्षं म्हणजे दोन स्टेशनांमधला बोगदा झाली जणू, खिडकी लावून बसून राहायचं आणि उजेड आला की उतरायचं.

‘कोसला’ आली १९६३ साली. मग १९७५ ते १९७९ एवढ्या काळात ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’. आणि मग थेट २०१० मध्ये ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’. ‘झूल’ आणि ‘हिंदू’ यांच्यामध्ये एकतीस वर्षं गेली. या एकतीस वर्षांत नेमाड्यांचे वाचक म्हातारे झाले, त्यांची मुलं वाचक झाली, आणि ‘येणार, येणार’ म्हणून ‘हिंदू’ची वाट बघणं हाच मराठीतला एक वाङ्मयप्रकार होऊन बसला. त्यामुळे आजचा वाचक नेमाड्यांबद्दल बोलतो तेव्हा या दोन टोकांबद्दल बोलतो. एक टोक तारुण्याचं, दुसरं संस्कृतीचं. पहिल्यात आपण स्वतःला बघतो, दुसऱ्यात आपल्या पूर्वजांना. मधल्या चार कादंबऱ्यांचा नायक, चांगदेव पाटील नावाचा इंग्रजीचा मास्तर, या दोन्हींच्या मध्ये वळकटी घेऊन उभा आहे, त्याला कुणी बस थांबवत नाही.

मी स्वतः अर्थातच ‘कोसला’वाल्यांपैकीच. आमच्या वसतिगृहात ‘कोसला’ची एक प्रत होती, तिला मालक नव्हता. पुढच्या बॅचला खोलीबरोबर ती मिळायची, माठ आणि आरशासारखी. ज्या पानांवर सगळे थांबले होते ती पानं कडेने काळी पडलेली आणि बाकीची त्या मानाने स्वच्छ. पुस्तक नुसतं टेबलावर टाकलं तरी आपोआप नायक पांडुरंगाच्या मेसच्या भानगडींपाशी किंवा त्याच्या धाकट्या बहिणीपाशी, मनीपाशी उघडायचं. आणि भाषा तर साथीच्या रोगासारखी पसरलेली. माझी खोलीतली मैत्रीण घरी पत्र लिहायची त्यात ‘पैसे वगैरे पाठवा, उदाहरणार्थ मनिऑर्डरने’ असं लिहायची. तिच्या वडिलांनी उलट पत्रात विचारलं होतं की पैसे कळले, ‘वगैरे’ म्हणजे काय काय पाठवायचं? आम्ही दोन दिवस हसत होतो. नेमाडपंथी हा शब्द तोवर रूढ होता, आम्ही त्या पंथाच्या बिनदीक्षेच्या अनुयायी. आमच्यात एकमेकींना ओळखायची खूण म्हणजे कुणी काही गंभीर बोलायला लागलं की शेवटी वगैरे जोडून तिचा फुगा फोडणे.

आता इतक्या वर्षांनी वाटतं की आम्ही त्या शैलीचं टरफल घेतलं होतं. ‘कोसला’तलं ‘वगैरे’ हे चटपटीतपणासाठी नाही. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने मरते आणि भावाला त्याबद्दल जे बोलायचं आहे ते बोलता येत नाही, कारण बोलायला गेलं की मराठी साहित्यात तोवर साठलेली सगळी हुंदक्यांची भाषा धावून येते. खांडेकरांच्या वाक्यांवर वाढलेल्या वाचकाला तिथे एक ठरलेलं रडणं अपेक्षित असतं. पांडुरंग ते रडणं नाकारतो. तो भलत्याच गोष्टी सांगत बसतो, एकाच गोष्टीभोवती घोटाळतो, चिडतो, तिची भातुकलीच्या आकाराची बारीकसारीक आठवण काढतो आणि विषय सोडतो. नंतरच्या त्या अजिंठ्याच्या सहलीत मग ते सगळं दगडांतून वर येतं. रडू न देता रडवणारी ती पानं मी अलीकडे पुन्हा वाचली तेव्हा मला लेखकाचं वय आठवून दचकायला झालं. पंचविशीचा मुलगा हे लिहितो, आणि पुढे बारा वर्षं कादंबरी म्हणून काही छापत नाही.

त्या बारा वर्षांत नेमाडे नोकरी करत होते. मधल्या कादंबऱ्यांकडे जायचा रस्ता मला तिथूनच सापडला, आणि तोही पुस्तकांमुळे नाही, वडिलांमुळे.

माझे वडील वाणिज्य शिकवायचे. अकाउंटन्सी, कॉस्टिंग, कंपनी कायदा. साहित्याशी त्यांचा संबंध वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीपुरता, तोही कोडं सोडवण्यासाठी. त्यांची नोकरी एका शिक्षणसंस्थेत होती आणि संस्थेची कॉलेजं खानदेशापासून मराठवाड्यापर्यंत पसरलेली, त्यामुळे दर काही वर्षांनी आमचं बिऱ्हाड हलायचं. मॅटॅडोरमध्ये आधी लोखंडी कॉट, मग कपाट आडवं, त्यात गाद्या कोंबायच्या, वर वडिलांची पत्र्याची ट्रंक. आई स्टोव्ह आणि देव मांडीवर घेऊन पुढे बसायची. नव्या गावात पोचल्यावर पहिले काही दिवस लॉजवर किंवा एखाद्या सहकाऱ्याकडे, मग खोल्या बघणं. हे खोल्या बघणं मी बोट धरून इतक्यांदा केलं आहे की ते संवाद मला पाठ आहेत. घरमालक ओट्यावर बसलेला असायचा. आधी पाण्याची वेळ सांगायचा, मग संडास कुठे ते दाखवायचा, मग मीटर वेगळं की एकत्र, मग किती माणसं. आणि मग सगळं ठरल्यावर, अगदी सहज, चपला घालता घालता वडिलांना विचारलं जायचं, “आडनाव काय म्हणालात सर?” वडिलांनी ते आधीच सांगितलेलं असायचं. पण आमचं आडनाव असं की त्यावरून काही नक्की कळत नाही. मग “मूळ गाव कुठलं?” त्यावरूनही कळलं नाही तर “त्या गावचे अमुक तमुक तुमचे कोण?” वडील प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तंतोतंत द्यायचे आणि तरी घरमालकाला हवं ते उत्तर द्यायचे नाहीत. परतताना आई म्हणायची, सांगून टाकायचं ना सरळ. वडील म्हणायचे, त्याने सरळ विचारलं की सांगेन.

कधीतरी वडिलांच्या उशाशी एक जाड पुस्तक दिसायला लागलं. वर वर्तमानपत्राचं कव्हर, त्यावर निळ्या शाईने ‘प्रगत लेखाकर्म’ असं वडिलांच्याच अक्षरात लिहिलेलं. रात्री जेवण झाल्यावर ते कॉटवर आडवे होऊन ते पुस्तक वाचायचे आणि हसायचे. प्रगत लेखाकर्म वाचून माणूस असं हसत नाही एवढं मला कळत होतं. मी एकदा ते उघडून बघितलं तर ती ‘झूल’ होती. कव्हर का घातलंय विचारलं तर म्हणाले, “स्टाफरूममध्ये नेतो मी हे. तिथे साहेबांचा भाचा बसतो.” साहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. मला तेव्हा वाटलं पुस्तकात काहीतरी अश्लील असणार. मोठेपणी कळलं की त्या पुस्तकात धोकादायक होतं ते म्हणजे स्टाफरूम. मस्टरवर कोण कोणासाठी सही करतो, प्राचार्य कुणाच्या घरी चहाला जातात, जागा कुठल्या जातीच्या उमेदवारासाठी मोकळी ठेवली आहे, पगाराच्या कागदावर सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच आकडा, लोकांची लग्नं, लोकांची कर्जं, पेपर तपासण्याचे पैसे, कायम होण्याची भीती आणि न होण्याचीही. वडिलांचे दोन सहकारी ते पुस्तक आळीपाळीने घरी न्यायचे. तिघांपैकी साहित्याचा कुणीच नव्हता. एक रसायनशास्त्राचे, एक क्रीडा शिक्षक. समीक्षकांनी या चार कादंबऱ्यांच्या चतुष्टयावर जे काही लिहिलं असेल ते असो, पण एका क्रीडा शिक्षकाने रात्री नऊ वाजता सायकलवर येऊन “पुढचा भाग आहे का सर?” असं विचारावं हे मी डोळ्यांनी बघितलंय. असं कौतुक फार थोड्या लेखकांच्या वाट्याला येतं.

महाराष्ट्रात तो काळच कॉलेजं उगवण्याचा होता. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं, १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ. तालुक्यातालुक्याला संस्था निघाल्या, साखर कारखान्याच्या मागोमाग कॉलेज आलं, बाजार समितीच्या गोदामात वर्ग भरले. शेतकऱ्यांच्या घरातली पहिली एम.ए. झालेली पिढी तिथे मास्तर म्हणून गेली. नेमाडे स्वतः नगर, धुळे, औरंगाबाद असे इंग्रजी शिकवत फिरले. लंडन, गोवा, मुंबई ही नंतरची. एवढ्या मोठ्या घडामोडीवर, म्हणजे लाखो पोरं ज्या वर्गांतून पुढे गेली त्या वर्गांवर आणि तिथल्या फळ्यासमोरच्या माणसांवर, मराठीत किती कादंबऱ्या आहेत? शाळामास्तर पुष्कळ सापडतात, तेही बहुतेक ध्येयवादी किंवा दरिद्री. कॉलेजचा मास्तर सापडतो तो शहरातला, पाइप ओढणारा. आडगावच्या कॉलेजात हजर झालेला, मेसचा डबा लावलेला, संध्याकाळी बसस्टँडवर चहा प्यायला जाणारा, स्वतःला हुशार समजणारा आणि वर्गात शेक्सपिअर सांगताना मागच्या बाकावरच्या मुलांच्या तोंडाकडे बघून आवाज खाली आणणारा मास्तर नेमाड्यांनी चार कादंबऱ्या भरून लिहिला. त्या मास्तराला त्यांनी मोठा केला नाही, आणि बिचाराही केला नाही. चांगदेव पुष्कळदा चिडका आहे, घमेंडी आहे, लोकांबद्दल घाईने मत बनवतो, आणि आजूबाजूची माणसं त्याच्यापेक्षा जास्त जिवंत आहेत हे लेखकाला पक्कं ठाऊक आहे.

शैलीतला मोठा बदल तिथेच आहे. पांडुरंग ‘मी’ म्हणून बोलत होता. चांगदेवाच्या वेळी नेमाडे ‘तो’वर आले. वाचणाऱ्याला लगेच चुकल्यासारखं होतं, कारण ‘मी’ची ती मजा, ती थेट कानाशी लागलेली कुजबूज बंद होते. माझंही झालं होतं तसंच. ‘बिढार’ मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मुंबईतली ती छोट्या मासिकांची पोरं, त्यांच्या चर्चा, छापखाने, रुसवेफुगवे, पैशाची रड, हे वाचता वाचता मी पांडुरंगाला शोधत होते. पण ‘मी’ बाजूला झाल्यामुळे एक दार उघडलं. इतरांना बोलायला जागा झाली. ‘कोसला’त सगळे पांडुरंगाच्या आवाजातून ऐकू येतात, त्याने नक्कल केल्यासारखे. चतुष्टयात ते स्वतः येऊन बोलतात. प्राचार्य वेगळं बोलतात, शिपाई वेगळं, कारकून वेगळं, मुंबईहून नोकरी शोधत आलेला वेगळं, घरमालकीण वेगळं. खानदेशातला माणूस ज्या ठिकाणी विषय बदलतो त्याच ठिकाणी नेमाड्यांचा माणूस बदलतो. कुणी पुतण्याच्या सोयरिकीबद्दल बोलत असताना मध्येच कपाशीचा भाव येतो, त्यावरून सोसायटीचा सचिव, त्यावरून त्याच्या बायकोचं ऑपरेशन, आणि पान उलटल्यावर कळतं की हा माणूस खरं तर पन्नास रुपये उसने मागायला आलाय. हे लिहिणं सोपं वाटतं. एखाद्या दुपारी शेजारच्या दोघांचं बोलणं ऐकून जसंच्या तसं लिहून बघावं, अर्धं पान झालं की ते मरतं. नेमाड्यांचं मरत नाही, कारण ते बोलणं नुसतं टिपलेलं नाही, त्यातून चाळून घेतलेलं आहे, आणि चाळणी कुठे लावली आहे ते दिसू दिलेलं नाही. महानुभावांच्या गद्याचा त्यांचा अभ्यास आहे. लीळाचरित्रात जसं कुणी आलं, काही म्हणालं, त्यावर काही घडलं, एवढंच येतं आणि माणूस उभा राहतो, तसा तो हात वाटतो मला. भावना सांगायची नाही, कोण काय म्हणाला ते सांगायचं.

आणि जात. मराठी कादंबरीत जात एकतर विषय म्हणून येते, नाहीतर येतच नाही. नेमाड्यांच्या मधल्या पुस्तकांत ती हवेत आहे. लोक तिच्यावरून विनोद करतात, शिव्या देतात, मैत्री करतात, हिशेब मांडतात, आणि खोली देतात किंवा देत नाहीत. त्या ओट्यावरच्या घरमालकाचा प्रश्न मला छापील अक्षरांत पहिल्यांदा तिथे भेटला. वाचताना बरं वाटलं म्हणणं खोटं ठरेल. एक प्रकारचा कडवट आनंद झाला, की हे आपल्याच घरापुरतं नव्हतं.

आता यातलं न आवडणारंही सांगायला हवं.

बायका. या चार पुस्तकांत मी बाई म्हणून कुठे बसू ते मला कळत नाही. पुरुषांच्या गप्पा इतक्या जिवंत आहेत आणि त्या गप्पांमधल्या बायका मात्र बऱ्याचदा लांबून दिसणाऱ्या. कुणाची बायको, कुणाची सांगून आलेली मुलगी, वर्गातली पहिल्या बाकावरची. लग्न हा चांगदेवाच्या डोक्यातला मोठा भुंगा आहे, पण ज्या मुलीशी लग्न करायचं ती मुलगी त्याच वेळी काय विचार करत असेल, तिच्या घरी त्याची काय टिंगल होत असेल, हे त्या कानाला ऐकू येत नाही. माझी आई मांडीवर देव घेऊन मॅटॅडोरमध्ये बसायची, तिची कादंबरी यात नाही. एवढा तयार कान असलेल्या लेखकाने स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन परत यावं याचा मला राग येतो, आणि वाचक म्हणून तो राग मी सोडणार नाही. दुसरं म्हणजे पसारा. काही ठिकाणी तीच ती भांडणं, तेच ते कॉलेजचं राजकारण, नावं बदललेली. वडील ती पानं ढांगा टाकत ओलांडायचे. मी एवढी धीट नसल्याने सगळी वाचते आणि वैतागते. आणि तिसरं, पुस्तकाबाहेरचे नेमाडे. साहित्य संमेलनांवर, लघुकथेवर, इंग्रजी माध्यमाच्या शाळांवर त्यांनी केलेली विधानं वर्तमानपत्रांना वर्षानुवर्षं पुरली. ज्ञानपीठ जाहीर झालं तेव्हा २०१५ मध्ये सलमान रश्दींशी जी जुंपली ती तर साता समुद्रापार गेली. ही विधानं ऐकून नेमाडे वाचायचं सोडलेली माणसं मला माहीत आहेत आणि ही विधानं ऐकूनच वाचायला लागलेलीही. त्यांच्या देशीवादावर मी वाद घालू शकणार नाही, त्यांचं समीक्षेचं पुस्तक ‘टीकास्वयंवर’ मी पूर्ण वाचलेलं नाही. पण मला एवढं दिसतं की सभेतले नेमाडे ठाम असतात आणि कादंबरीतले नेमाडे ठाम माणसाची नेहमी फजिती करतात. मला दुसरे आवडतात.

‘हिंदू’ आली तेव्हा आमच्या घरी ती वडिलांसाठी घेतली होती. सेवानिवृत्त होऊन ते गावाकडच्या घरात राहायला गेले होते. सहाशे पानांचं ते पुस्तक त्यांनी उशीवर टेकवून वाचायला घेतलं, कारण हातात धरवत नव्हतं. मी फोनवर विचारायचे, कुठवर आलं? मोहेंजोदडोपासून मोरगावला आले, नायक खंडेरावाच्या बापापाशी आले, आणि मग एक दिवस म्हणाले, ठेवून दिलं. का? तर म्हणाले, “शेतीचं फार आहे. एवढं शेतीचं वाचायचं होतं तर मी शेती सोडून बी.कॉम. कशाला झालो?” ‘हिंदू’वर इतकं लिहून आलं, पक्षाने, विरोधात, पण त्यापेक्षा प्रामाणिक अभिप्राय मी वाचलेला नाही.

मला मात्र ‘हिंदू’ वाचताना सारखी ती चार पुस्तकं आठवत होती. लोक म्हणतात तीस वर्षं नेमाडे गप्प होते आणि मग एकदम एवढं मोठं घेऊन आले. एकदम कुठलं? ‘हिंदू’त शेकडो माणसं एकाच वेळी बोलतात, सालदार, लमाणी, महानुभाव, वारकरी, आत्या, आज्या, आणि तरी कुणाचा आवाज कुणात मिसळत नाही. ही ताकद ‘कोसला’त नव्हती. ती स्टाफरूममध्ये कमावलेली आहे. इतक्या आवाजांना एका पानावर बसवायचं कसं याचा रियाज ‘जरीला’, ‘झूल’मध्ये झालेला आहे, आणि तो रियाज म्हणून वाचावा असा नाही, ती मैफलच आहे, फक्त गाव लहान असल्याने श्रोते कमी आले. आणि माझ्या रागालाही ‘हिंदू’त थोडं उत्तर मिळतं. इथे बायका आत आल्या आहेत. जात्यावरच्या, माहेरी परत आलेल्या, संन्यास घेतलेल्या, शिव्या देणाऱ्या. स्वयंपाकघराच्या दाराशी थांबलेला माणूस तीस वर्षांनी आत जाऊन पाटावर बसलाय असं वाटलं. तेवढ्यासाठी थोडं माफ केलं, सगळं नाही.

माझा एक भाचा सध्या कॉलेजात शिकवतो. शिकवतो म्हणजे तासिका तत्त्वावर. नेट झालाय, सेट झालाय, पीएच.डी. सबमिट करून बसलाय आणि वर्षातले काही महिने तासांवर पैसे मिळतात, बाकीचे महिने मिळत नाहीत. कायम जागा निघाली की आधी आरक्षणाचं रोस्टर बघायचं, मग जागा कुणासाठी काढली आहे याची चौकशी करायची, मग किती पैसे मागतात तो आकडा ऐकायचा, मग घरी येऊन झोपायचं. सकाळी एका कॉलेजात, दुपारी तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजात, मोटारसायकलच्या डिकीत डबा आणि हेल्मेटमध्ये खडू. तो इतिहास शिकवतो, कादंबऱ्या वाचत नाही, वेब सिरीज बघतो. प्रदर्शनात मी परत गेले ती त्याच्यासाठी. दुसऱ्या दिवशी जाऊन ‘जरीला’ आणि ‘झूल’ घेतल्या. विक्रेत्याने आनंदाने जास्तीची सूट दिली.

त्याने ‘जरीला’ आधी वाचली, मागचं काही न वाचता. मला मेसेज यायला लागले. पानांचे फोटो, खाली हसण्याची तोंडं. एका पानाखाली लिहिलं होतं, ‘हे आमचे एचओडी.’ दुसऱ्या एका पानाखाली काहीच लिहिलेलं नव्हतं, नुसता फोटो. त्यात चांगदेव आपल्या खोलीत एकटा आहे. मी फोन केला तर तो बसस्टँडवर होता, मागून बसच्या घोषणा ऐकू येत होत्या. म्हणाला, “मावशी, हे पन्नास वर्षांपूर्वीचं आहे ना? मग यात मोबाइल सोडून बाकी सगळं कसं काय आहे?” मी म्हटलं, पगार वाढलेत. तो म्हणाला, ज्यांना मिळतो त्यांचे. मग आमचं थोडं वाजलं. त्याचं म्हणणं, चांगदेवाला निदान नोकऱ्या मिळत होत्या. तो एक सोडतो, दुसरी धरतो, त्याचा हा तोरा मला परवडणार नाही. हा माणूस राजीनामा खिशात घेऊन फिरतो आणि आम्ही अर्ज. हे मला सुचलं नव्हतं. वडिलांच्या पिढीला त्या पुस्तकात आपलं हसं दिसलं, मला आडनाव विचारणारा घरमालक दिसला, आणि याला त्यात चैन दिसली. राजीनामा देता येण्याची चैन.

‘झूल’ त्याला जास्त आवडली. ‘बिढार’ मात्र त्याने पन्नास-साठ पानांवर सोडून दिली, म्हणाला मुंबईतल्या लेखकांच्या भांडणात मला रस नाही, आणि चांगदेव यात फार स्वतःचंच घेऊन बसतो. मी भांडले. म्हटलं, तेच तर बघायचं आहे, मुंबईतून हा माणूस का निघतो ते कळल्याशिवाय पुढच्या गावांत तो असा का वागतो ते कळत नाही. त्याने ऐकून घेतलं. ‘कोसला’ वाचू का विचारलं तर मी म्हटलं, आत्ता नको, चाळिशीनंतर वाच, कॉलेजच्या वयात सगळेच वाचतात. सध्या त्याच्याकडे ‘हूल’ आहे. सत्र परीक्षेचे पेपर तपासायला आलेत, दर पेपरमागे मिळणारे पैसे यंदा तरी वेळेत येतील का, यावर त्याच्या स्टाफरूममध्ये रोज चर्चा चालते म्हणतो, आणि ती चर्चा ऐकायची सोडून पुस्तक कुठे वाचत बसू?